घडीचा चाकू घेताना बिजागरी बघा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)



आज बचत आणि परतफेड जरा बाजूला ठेवू. आज बोलायचंय आपल्या पिशवीतल्या घडीच्या चाकूबद्दल. हसू नका. कुणी भाजीच्या जुड्यांची देठं कापते, कुणी पोत्याची सुतळी तोडते, कुणी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत कांदा-काकडी चिरते. बोट कापलं की रोज बुडतो आणि घरचं कामही अडतं. दशसूत्रीत आरोग्य आहे ना, ते इथेही लागू होतं.

बोईसर-पालघरच्या बाजारात चकचकीत चाकू ढिगाने दिसतात. आपण चमक बघतो आणि किंमत विचारतो. पण घडीच्या चाकूचा जीव असतो बिजागरीत. विळीचं पातं एका जागी पक्कं असतं. या चाकूचं पातं फिरतं. सांधा ढिला असेल तर काम करताना ते मिटतं, आणि मिटतं ते आपल्याच बोटांवर.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच चार गोष्टी बघा.

एक, चाकू उघडा. पात्याची पाठ चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगलं तर परत ठेवा.

दोन, लॉक असलेलाच घ्या. उघडल्यावर पातं ‘टक्’ करून बसलं पाहिजे. मग मूठ दोन्ही बाजूंनी धरा, बोटं खाचेच्या बाहेर ठेवा आणि पात्याची पाठ लाकडावर हलकी दाबा. मिटायला लागलं तर तो चाकू नको.

तीन, मिटवून बघा. टोक पूर्ण आत गेलं पाहिजे आणि झटकल्यावर चाकू उघडता कामा नये. पिशवीत आपण न बघता हात घालतो, खाऊ शोधायला पोरंही घालतात.

चार, मूठ ओल्या हाताने धरून बघा. गुळगुळीत मूठ घसरते. पातं तीन इंचांचं असलं तरी रोजच्या कामाला पुरतं.

आता लोखंडाचं. सातपाटी, तारापूर, डहाणू या पट्ट्यात हवाच खारी. साध्या पोलादाला धार छान लागते, पण गंजही लवकर चढतो. आपल्याकडे स्टेनलेस बरं. तेही ओलं मिटवून ठेवू नका. लिंबू-कैरी कापली की लगेच धुवा, उघडं ठेवून पूर्ण वाळवा, सांध्यात खोबरेलाचा एक थेंब सोडा. धार गेली तर लावून घ्या. बोथट चाकूला जोर जास्त लागतो, म्हणून तो सटकतो.

या चाकूने मासळी साफ करू नका. खवले आणि रक्त सांध्यात बसतं, ते नीट निघत नाही. मासळीला विळी, बांबू-नारळाला कोयता. डब्याचं झाकणही याने उचकटू नका, टोक तुटून उडतं.

कायद्याचंही ऐका. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंवर बंधन आहे. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तरी बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू घेऊच नका. तो घरकामाचा आहे हे कुणाला पटवणार? आणि सण किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. त्यात चाकूही येतो. त्या दिवसांत तो घरीच ठेवा.

एवढं करूनही कापलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नका. जखम खोल असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला चाकू आणावा. हजेरी झाली की पाच मिनिटांत सगळे तपासू. जो डुगडुगेल तो दुरुस्तीला किंवा भंगारात. नवे घ्यायचे असतील तर दहाजणी मिळून घेऊ, दरही कमी करून मागता येईल. पण प्रत्येक चाकू आपल्या हाताने उघडून-मिटवूनच घ्यायचा, ताईंनो.