बसने सिसिली, फेरीने दिवाडी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कमी खर्चात सिसिली' असा विषय छापला आहे. तो खरा आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि माझी पत्नी सिसिलीला गेलो, दहा दिवस राहिलो आणि त्या दहा दिवसांत एकदाही टॅक्सीत बसलो नाही. ती हकीकत सांगणारच आहे. पण तिच्याबरोबर माझी एक चूकही सांगायची आहे. ती झाली डिचोलीतल्या माझ्या दवाखान्यात, आणि मला कळली सिसिलीतल्या एका बसथांब्यावर. तुमच्यापैकी अनेकजण माझे पेशंट आहेत. तीस-पस्तीस वर्षे तुम्ही मला मन मोकळे करून सांगत आलात. आज थोडे मी सांगतो.

आधी सिसिली. भूमध्य समुद्रातले हे सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला गोवा त्यात जवळजवळ सात वेळा मावेल. तेव्हा दहा दिवसांत सगळे बेट पाहण्याचा हट्ट पहिल्यांदा सोडा. आमचा मुलगा म्हणाला होता, "बाबा, गाडी भाड्याने घ्या." पण साठी उलटल्यावर रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायला शिकण्याची मला हौस नव्हती, आणि टूरवाल्यांचे आकडे ऐकूनच आम्ही उठलो होतो. राहिली बस आणि रेल्वे.

रोमहून रात्रीच्या गाडीने निघालो. सकाळी एका ठिकाणी गाडीचे डबे सुटे करून चक्क जहाजाच्या पोटात ढकलले. मुख्य भूमी आणि सिसिली यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे, अरुंद जागी तीनेक किलोमीटर. तिच्यावर पूल नाही, म्हणून रेल्वे जहाजातून पलीकडे जाते. डेकवर उभे राहून मी पत्नीला म्हणालो, "ही तर आपली चोपड्याची फेरी!" माझे बालपण पेडण्यात गेले. पूल नव्हता तेव्हा चोपडे ते शिवोली आम्ही फेरीने जात असू. वडील नेहमी अर्धा तास आधी निघत. त्यांना विचारले तर म्हणत, "आपण फेरीसाठी थांबायचं. फेरी आपल्यासाठी थांबत नाही." ही आठवण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. मुक्काम दोनच करा. आम्ही एक पालेर्मोला केला, एक सिराकुसाला. खोली रेल्वे किंवा बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. दिवसाला थोडे जास्त पडले तरी चालेल, ते टॅक्सीत वाचतात. तिथल्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरावर ठरते. महिनाभर आधी काढा की पाच मिनिटे आधी, पैसे तेवढेच. मात्र कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. विसरलात तर खिशात तिकीट असूनही दंड. शहरातल्या बसची तिकिटे तंबाखूच्या दुकानात मिळतात. उभ्या आयुष्यात अशा दुकानाची पायरी न चढलेला मी तिथे रोज रांगेत उभा!

पालेर्मोहून रेल्वेने दोनेक तासांत अग्रिजेंतोला जाता येते. तिथली ग्रीकांची देवळे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली. एकाचे खांब तर आजही जवळजवळ सगळे उभे आहेत. पालेर्मोहून पूर्वेला कतानियाला जायचे तर रेल्वेपेक्षा बस लवकर पोचवते. तिथून पुढे सिराकुसा रेल्वेने तासाभरावर. आर्किमिडीजचे हे गाव. तिथल्या मोठ्या चर्चच्या भिंतींत जुन्या अथेना देवीच्या मंदिराचे खांब तसेच बांधून घेतलेले आहेत. आत उभे राहिले की एका हाताशी ग्रीक खांब, समोर ख्रिस्ती वेदी.

खाण्याचे तुम्ही विचारणारच. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण. मे महिन्यात तिकडे सूर्य आठच्या आसपास मावळतो, पण हॉटेले जेवणासाठी उघडतात तीही साधारण त्याच सुमाराला. म्हणून छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. बाजारात टोमॅटो, वांगी, चणे आणि ताजे चीज मिळे. रीत आपल्या पोदेरासारखीच, सकाळी गरम पाव घ्यायचा आणि तो संध्याकाळपर्यंत पुरवायचा. मेतकूट आणि बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती. पालेर्मोच्या रस्त्यावर 'पानेल्ले' विकतात, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून. पत्नीने पहिला घास घेतला आणि तिला माहेर आठवले. मात्र त्याच तेलात बटाट्याचे वडेही तळतात, तेव्हा आमच्यासारख्यांनी आधी विचारून घ्यावे.

आता चूक. शेवटच्या शनिवारी आम्ही सिराकुसाजवळच्या एका लहान गावात राहिलो. रविवारी दुपारच्या बसने परतायचे, सोमवारी सकाळी कतानियाहून विमान. थांब्यावरच्या वेळापत्रकात दुपारच्या गाडीपुढे 'फेरियाले' असे लिहिले होते. मी पेडण्याचा माणूस. थोडे पोर्तुगीज घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कानावर पडलेले. पोर्तुगीजमध्ये 'फेरियादु' म्हणजे सुट्टीचा दिवस. मी पत्नीला ऐटीत सांगितले, "ही रविवारचीच गाडी." दीड तास उभे राहिलो. बस नाही. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातवारे करून समजावले की इटालियनमध्ये 'फेरियाले' म्हणजे कामाचा दिवस, सोमवार ते शनिवार. नेमके उलटे! रविवारची गाडी एकच, ती संध्याकाळी.

चार तास हातात होते. गाव सुंदर होते, चौकात सावली होती. पण मी एका जागी बसेना. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाही, थांब्यापर्यंत जाऊन परत येई. पत्नी बोले त्यातले अर्धे ऐकू येत नसे. अखेर ती म्हणाली, "अहो, तुम्ही अगदी दिवाडीच्या त्या काकींसारखं करताय."

मी विचारले, "कुठल्या काकी?"

माझी पत्नी दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधते, नंबर लावते. तिला सगळे पेशंट आठवतात. नाव मी इथे घेत नाही. साठीच्या पुढची बाई, गुडघेदुखीसाठी दिवाडीहून येत असे. होमिओपॅथीत आजाराबरोबर माणसाचा स्वभावही लिहून घेतात आणि त्याला फार वजन देतात. तिच्या कार्डावर मी लिहिले होते: 'अस्वस्थ. सतत घाई. खुर्चीच्या कडेवर बसते. वेळेची चिंता. प्रश्नाचे उत्तर पूर्ण देत नाही.' अशा लक्षणांना आमच्या पुस्तकात अर्जेंटम नायट्रिकम हे औषध ठळक अक्षरांत आहे. तेच दिले. तीन-चार महिने ती आली, मग यायची थांबली. कार्डावर मी शेवटची ओळ लिहिली: 'पेशंटने उपचार सोडले.'

पत्नी म्हणाली, "त्यांना चिंता बसची होती. डिचोलीहून नार्व्याची बस, मग पलीकडे फेरी, मग घरापर्यंत चालत. आपला दवाखाना उघडतो चारला, त्यांचा नंबर यायचा आठवा-नववा. दोनदा त्यांनी मला विचारलं, लवकर घेतील का? मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, नंबर म्हणजे नंबर."

मित्रहो, मी औषध निवडले होते ते फेरीच्या वेळापत्रकासाठी. ज्या घाईला मी स्वभाव समजलो, ती त्या चौकात मला स्वतःला लागली होती, आणि माझा स्वभाव काही चार तासांत बदलला नव्हता. पेडण्याच्या धक्क्यावर वडिलांचा हात धरून उभा राहिलेला मुलगा मीच. पण चोपड्याला पूल झाला, माझ्याकडे आधी स्कूटर आली, मग गाडी आली. ज्याच्या वाटेवर पूल होतो, तो फेरी विसरतो.

परत आल्यावर पहिल्या गुरुवारी, दवाखाना बंद असतो त्या दिवशी, मी गाडी घरी ठेवली आणि नार्व्याच्या बसमध्ये बसलो. तो फेरा तुम्हांला सांगतो, कारण सिसिलीला सगळ्यांना जमेलच असे नाही, पण हा कुणालाही जमेल.

नार्व्याला उतरा. आधी सप्तकोटेश्वराचे दर्शन घ्या. कदंबांचे हे कुलदैवत मुळात पलीकडे, दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते मंदिर पाडले आणि देव नदी ओलांडून अलीकडे आले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथे मंदिर उभारण्याची आज्ञा दिली, तसा शिलालेख तिथे आहे. याच नार्व्यात जैन बस्तीचे अवशेषही आहेत. मी डिचोलीत इतकी वर्षे राहून ते पहिल्यांदा त्या दिवशी पाहिले, हे कबूल करायला लाज वाटते.

मग फेरीधक्क्यावर या. पायी जाणाऱ्याला फेरीचे भाडे नाही. पलीकडच्या गावाचे नावही नार्वेच. तिथून खाजन शेतांच्या कडेने पिएदादपर्यंत चाला. वाटेत कोकण रेल्वेचा मार्ग दिसेल. गाड्या बेटावरून धडधडत जातात, पण दिवाडीला स्टेशन नाही. पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे आणि शेजारच्या दफनभूमीतल्या कपेलात कदंबकालीन कोरीव दगड आहेत. सिराकुसाला मी अडीच हजार वर्षांपूर्वीचे खांब पाहायला समुद्र ओलांडून गेलो होतो. हे दगड माझ्या दवाखान्यापासून एक बस आणि एक फेरी इतक्या अंतरावर होते.

टेकडीखालून जुने गोवेची फेरी घ्या. जुने गोवेहून पणजीच्या बसने रायबंदरला उतरा. तिथून फेरीने चोडण. धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतले. चोडण आणि मये यांच्यामध्ये पूल आहे, तेव्हा तिथून बसने मयेमार्गे डिचोली. तीन बस, तीन फेऱ्या, एक दिवस. बेटाची खरी माहिती मात्र फेरीवरच मिळते. त्या दिवशी माझ्या फेरीवर गॅसची टाकी घेतलेला माणूस होता, शाळेची मुले होती आणि इस्पितळाची फाइल छातीशी धरलेली एक म्हातारी होती. गाडीच्या काचेतून मला यांपैकी कुणी दिसले नसते.

त्या काकींचे घर मी विचारत गेलो. ओसरीवर बसल्या होत्या. मी कार्डावर काय लिहिले होते ते सांगितले आणि क्षमा मागितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दोतोर, घाय म्हाका नाशिल्ली, फेरयेक आशिल्ली." आता त्या जुने गोवेच्या बाजूला एका डॉक्टरांकडे जातात. गुडघे तसेच आहेत.

दवाखान्यात आता एक बदल आहे. दारावर पाटी लावली आहे: 'बस किंवा फेरीने परतणाऱ्यांनी आधी सांगावे.' त्यांना नंबर नाही. केरीहून फेरीने तेरेखोलला परतणारे एक गृहस्थ महिन्यातून एकदा येतात. ते पहिल्यांदा निश्चिंतपणे खुर्चीला टेकून बसले, तेव्हा त्यांच्या आजाराची अर्धी हकीकत मला नव्याने कळली. नंबरासाठी थांबणाऱ्यांपैकी काहीजण कुरकुरतात. त्यांच्यातले एक-दोन आत्ता समोरही बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की एकदा नार्व्याच्या शेवटच्या बसने जाऊन या.

आणि ही विनंती सर्वांनाच. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात दोन-दोन वाहने आहेत. बसमधली माणसे कमी झाली की फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की ज्यांच्याकडे दुसरे काही नाही ते घरी बसतात, आणि आपण म्हणतो, उपचार सोडले. महिन्यातून एखादा दिवस गाडी घरी ठेवा. सिसिलीला गेलात तर 'फेरियाले'चा अर्थ विसरू नका. दिवाडीला गेलात तर परतीची वेळ धक्क्यावर आधी विचारून ठेवा, पाण्याची बाटली न्या, आणि वडील म्हणत तसे अर्धा तास आधी निघा.