कथानकाचे टप्पे आणि दोन कापलेले गुण

(कथालेखन शिबिरातील व्याख्यान)

मित्रहो, कथानकाचे टप्पे समजावून सांगा, असे मला संयोजकांनी सांगितले आहे. म्हणजे फळ्यावर तो डोंगर काढणे आले. एका बाजूला पायथ्याशी परिचय, चढणीवर संघर्ष, माथ्यावर उत्कर्षबिंदू, उतारावर उलगडा, पलीकडे शेवट. गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाट्यतंत्रावरील पुस्तकात ही मांडणी केली. त्याच्यासमोर होत्या ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअरची पंचांकी नाटके. पुढे ती कथेला लागू झाली आणि तिथून आमच्या प्रश्नपत्रिकेत आली.

बेळगावात शिकवताना मीही तीस वर्षे हा डोंगर काढला. शाकुंतलाच्या कथानकाचे टप्पे विचारले की उत्कर्षबिंदूचे उत्तर ठरलेले असे: पाचवा अंक. भर दरबारात दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही आणि तिच्या बोटात अंगठी नाही. एका मुलीने तो चौथ्या अंकात दाखवला. मी दोन गुण कापले. तास संपल्यावर ती उत्तरपत्रिका घेऊन आली. म्हणाली, "सर, दरबारात कुणाच्याच हातात काही उरलेलं नाही. ठरायचं ते आधीच ठरलंय." मी तिला पुस्तक पुन्हा वाचायला सांगितले. खरे तर ते मी वाचायला हवे होते. वाचले ते निवृत्त झाल्यावर.

चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वास शाप देतात, तो शकुंतला ऐकतच नाही. ऐकतात तिच्या सख्या. प्रियंवदा धावत जाऊन उःशाप मिळवते: ओळखीची खूण दिसली की शाप सरेल. खूण, म्हणजे अंगठी, जवळच आहे. मग अनसूया आणि प्रियंवदा ठरवतात की हे आपल्या दोघींतच ठेवायचे, कारण शकुंतला हळवी आहे. निरोप देताना एवढेच सांगतात, की राजाला ओळख पटली नाही तर अंगठी दाखव. ती दचकते, तर घाबरू नकोस म्हणतात. शाप सांगत नाहीत. वाटेत शचीतीर्थाच्या पाण्यात अंगठी पडते. तिचे मोल ठाऊक असते, तर शकुंतलेने ती मुठीत आवळून नेली असती.

प्रेमापोटी बाळगलेले मौन, आणि तिथे कथा वळते. तिथे आरडाओरडा नाही, म्हणून मला ते दिसले नाही. सात अंकांत चौथा म्हणजे नेमका मधला; फ्रायटागचा माथाही मध्येच आहे, हेही मी विसरलो होतो.

महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत शाप नाही, अंगठीही नाही. तिथे राजा जाणूनबुजून नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. भेट, विरह, नकार, स्वीकार हे टप्पे दोन्हीकडे तेच. कालिदासाने बदलले ते टप्प्यांमधले सांधे. आपल्या नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण यांना संधी म्हणतात, ते मला फार नेमके वाटते. गर्भसंधीत बीज हाती लागते, हरवते, पुन्हा शोधले जाते. अंगठीचे वेगळे काय झाले?

जाता जाता एक. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा पहिले चारच अंक झाले. दरबार न पाहताच प्रेक्षक घरी गेले. त्यांना नाटक अर्धे वाटले असेल का, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

तुम्ही पाठवलेल्या कथा मी वाचल्या. बऱ्याच कथांत माथ्यावर अपघात आहे, नाहीतर रात्री आलेला फोन. अपघात कथेत जरूर असावा. पण त्याआधी कुणाला काही सांगता आले असते आणि त्याने सांगितले नाही, अशी जागा तुमच्या कथेत आहे का? दोन कथांत ती आहे, आणि दोन्ही ठिकाणी लेखकाने ती एका ओळीत उरकली आहे. दुपारी आपण त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करू. त्या मुलीचे दोन गुण मात्र आता मला देता येत नाहीत.