पाटी आली, प्रश्न कोणाचा?
(कळंब येथील बैठकीत झालेले भाषण)



आजच्या बैठकीपुढे एक ठराव आहे. केंद्र सरकारच्या शेतीविषयक एखाद्या राष्ट्रीय मंडळाचे मुख्यालय इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात आणावे, अशी मागणी त्यात आहे. ठराव वाचला आणि टाळ्या पडल्या. माझा ठरावाला विरोध नाही. पण त्यात एक गोष्ट राहिली आहे, आणि ती नसेल तर मुख्यालय आले काय नि न आले काय, आपल्याला सारखेच.

मुख्यालय आले म्हणजे काय होते? इमारत उभी राहते, रस्ता डांबरी होतो, घरांना भाडेकरी मिळतात, गावच्या दहा-वीस पोरांना कंत्राटी काम लागते. हे वाईट नाही. पण एवढ्यासाठी शेतकऱ्यांनी बैठक घेण्याचे कारण नाही. आपण विचारायचे ते हे, की त्या इमारतीत कोणाच्या प्रश्नावर काम होणार आणि ते कोण ठरवणार?

दूर कशाला जायचे? बारामतीजवळ माळेगावला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय संस्था २००९ सालापासून आहे. अजैविक ताण व्यवस्थापन हा तिचा विषय. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. रोग आणि कीड सोडून पिकाला जे जे छळते, म्हणजे दुष्काळ, उष्णता, पूर, जमिनीतले क्षार, त्यावर उपाय शोधणे. खडकाळ माळ फोडून तिथे पिके उभी केली, हलक्या रानात ड्रॅगन फ्रूट कसे घ्यावे हे दाखवले. काम चांगले आहे. आता मला सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जण आपल्या रानाचा प्रश्न घेऊन त्या दारात गेले? हात वर करा. (मोजके हात वर होतात.)

पाहा. ज्या राष्ट्रीय संस्थेसाठी आपण ठराव करतो, तशी एक तासाभराच्या वाटेवर आहे आणि आपली तिची ओळख नाही.

क्षारांचा प्रश्न तर आपल्या घरचा आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आले, ऊस आला. खोल काळ्या रानात पाणी मुरत गेले, खालचे पाणी वर आले. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ वर राहते. रान पांढरे पडते, उसाला फुटवा राहत नाही. पुढे जमीन चोपण झाली की पाणी मुरतच नाही. शेती महाविद्यालयात आम्हाला उपाय शिकवला : जिप्सम टाका, ढैंचा गाडा, पाण्याचा निचरा करा. पण निचरा करायचा कुठे? जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकला तरी त्याचे तोंड ओढ्याला लागले पाहिजे, आणि मध्ये शेजाऱ्याचा बांध आहे. हे एकट्या शेतकऱ्याचे काम नाही. ओढ्याच्या दोन्ही अंगांची सारी राने एकत्र धरावी लागतात. कोणत्या ओढ्याला किती खोल चर हवा, हे पुस्तकात नसते. ते इथे येऊन मोजावे लागते.

पत्ता जवळ असला म्हणजे प्रश्न जवळचा राहतो, असेही नाही. कालव्याचे पाणी आणि शेतीची गरज यांचा मेळ घालण्यासाठी मुंबई इलाख्याने १९१६ साली खास पाटबंधारे कक्ष काढला. १९३६ साली तो केंद्राकडे गेला. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र ते हेच. आज तिथे धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती करून अभ्यास होतो. देशाला त्याची गरज आहे, तक्रार नाही. पण पत्ता पुणे जिल्ह्यातच आहे आणि कालव्याखालचा शेतकरी त्या कामात मागे पडला, हे ध्यानात घ्या.

उलटे उदाहरणही आपल्याच रानात उभे आहे. को ८६०३२ ऊस सगळ्यांना माहीत आहे. त्यातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. १९१२ साली निघालेली ऊस पैदास संस्था तिथे, तामिळनाडूत आहे. मग तो ऊस आपल्याकडे कसा आला? नीरेकाठी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आपल्या मातीत आणि आपल्या हवेत त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १९९६ साली महाराष्ट्रासाठी तो दिला. मुख्यालय दूर होते, पण मध्ये आपली माती जाणणारा दुवा होता.

आता आणंदचे पाहा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५ साली दिल्लीत न होता आणंदला झाले. लालबहादूर शास्त्री १९६४ साली तिथे गेले, अजरपुरा गावात रात्री मुक्काम केला, दूध घालणाऱ्यांशी बोलले. तिथे पाहण्यासारखे काय होते? १९४६ पासून उत्पादकांनी स्वतः चालवलेला संघ होता. आधी संघटना उभी होती, मागून मुख्यालय आले.

निजामाबादचे उदाहरण ताजे आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तिथे १८५ उमेदवार उभे होते. त्यांतले बहुतेक हळद आणि ज्वारी पिकवणारे शेतकरी. हळद मंडळ हवे आणि हळदीला हमीभाव हवा, या त्यांच्या मागण्या. १४ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले, मुख्यालय निजामाबादलाच मिळाले. शेतकऱ्यांनी लढून मिळवले, त्यांना मानले पाहिजे. पण हमीभावाच्या यादीत हळद अजूनही नाही. पाटी मिळाली, भावाचा अधिकार दिल्लीतच राहिला. सांगली-हिंगोलीच्या शेतकऱ्यांनी मुख्यालय आपल्याकडे आले नाही म्हणून हळहळण्यापेक्षा हे समजून घ्यावे.

म्हणून ठरावात तीन ओळी घाला. पहिली : मुख्यालय कुठेही असो, त्याच्या कारभारात पीक घेणारे, शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी हवेत; सरकारने नेमलेले नकोत. दुसरी : संस्थेच्या कामाचा ठरावीक भाग आसपासच्या शेतकऱ्यांच्या रानात, त्यांनी दिलेल्या प्रश्नावर व्हावा आणि त्याचा हिशेब दर वर्षी मराठीत गावापुढे यावा. तिसरी : नवे मुख्यालय मागण्याआधी माळेगावच्या संस्थेने इंदापूर तालुक्यातला एक ओढा, काठच्या सगळ्या क्षारपड रानांसह, चाचणीसाठी घ्यावा.

तिसऱ्या ओळीचे काम आपल्यापासून सुरू होते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने पांढऱ्या पडलेल्या रानांचे गट नंबर, त्या रानांतल्या मातीचे नमुने आणि विहिरीच्या पाण्याची बाटली आणावी. नमुना वरच्या पापुद्र्याचा वेगळा आणि फूटभर खालचा वेगळा घ्या, दोन्हींवर चिठ्ठी लावा. काठच्या शेतकऱ्यांची चर काढायला लेखी संमती घ्या. ती नसेल तर शास्त्रज्ञ येऊनही हात हलवत परत जाईल. हे सगळे घेऊन आपण माळेगावला एकत्र जाऊ.

ही दुरुस्ती मान्य असेल तर ठराव मताला टाकावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो.