वीजघर झालं कलाघर



ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात, नदीच्या काठावर, न्यू फार्म भागात विटांची एक भव्य इमारत उभी आहे. 1928 साली ती सुरू झाली वीजघर म्हणून. तिथे कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइनं फिरवायची, आणि त्यातून तयार झालेल्या विजेवर शहराच्या ट्रामगाड्या धावायच्या. 1969 मध्ये ट्राम बंद झाली. दोनच वर्षांत वीजघरही थांबलं. आतली यंत्रं निघून गेली, उरल्या नुसत्या भिंती.

रिकाम्या वास्तूत बेघर माणसं आसऱ्याला आली, चित्रकार आले. रंगांचे फवारे मारून त्यांनी भिंतीच्या भिंती भरून टाकल्या. 1989 मध्ये महानगरपालिकेने इमारत परत ताब्यात घेतली आणि मे 2000 मध्ये तिथे कलाकेंद्र उघडलं. नाव मात्र जुनंच ठेवलं : ब्रिस्बेन पॉवरहाऊस.

वीजघर कलेला इतकं का मानवतं? अवजड यंत्रांसाठी बांधलेली जमीन भक्कम असते. यंत्रं उचलायला क्रेन फिरली पाहिजे, म्हणून छत उंच आणि मधे खांब नाहीत. रंगमंचाला नेमकं हेच लागतं. अडचणीही असतात. उंच भिंतींत आवाज घुमतो, संवाद ऐकू येत नाही. शेकडो प्रेक्षकांसाठी बाहेर पडायच्या वाटा आणि स्वच्छतागृहं नव्याने करावी लागतात. खरा खर्च इथे होतो.

पण ब्रिस्बेनकरांचं मला सर्वांत मोठं वाटतं ते वेगळंच. त्यांनी त्या भिंती खरवडून, चुना फासून नव्या केल्या नाहीत. फवारलेली अक्षरं आणि चित्रं जपली. कामगारांच्या घामाइतकाच ओसाड वर्षांतल्या पाहुण्यांचाही त्या वास्तूवर हक्क आहे, हे त्यांनी मान्य केलं. आज त्याच भिंतींच्या आत नाटकं, संगीत आणि विनोदाचे कार्यक्रम रंगतात.

मंडळी, जुनी वास्तू वाचवायची म्हणजे तिला नुसती रंगरंगोटी करून कुलूप लावायचं नव्हे. तिथे माणसांची ये-जा हवी. तुमच्या गावातही एखादं बंद पंपघर किंवा वीजघर असेल. ते पाडण्याचा ठराव येईल, तेव्हा सही करण्याआधी एकदा आत जा, मान वर करून छत पाहा, आणि तिथे आपल्या मुलांचं नाटक उभं राहील का, एवढं स्वतःला विचारा.