दिव्याला रोज तेल लागते
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात धर्मशाळेच्या ओसरीवर केलेले भाषण)



आज कळस चढला. मुंबई-पुण्यास नोकरीला असलेल्या मंडळींपासून ते शेंगा विकून एक्कावन्न रुपये आणून देणाऱ्या म्हातारीपर्यंत सर्वांचा हात त्याला लागला आहे. परंतु कमिटीने मला बोलायला सांगितले आहे ते देवळाविषयी नव्हे, तर या धर्मशाळेत सुरू होणाऱ्या आरोग्य केंद्राविषयी.

पूर्वी वारकरी आणि बाजारकरी येथे रात्री पाठ टेकीत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे ती आपल्याही गावी आली आणि मुक्कामाची गरज सरली. माणसे गेली, मग कडबा आला, शेवटी वटवाघळे आली.

१९६६ साली मी शाळकरी मुलगा होतो. आमची धाकटी काकू बाळंतपणात अडली. तिला तालुक्याला नेणारी बैलगाडी याच धर्मशाळेवरून गेली. ओढ्याला पाणी होते. गाडी अलीकडेच थांबली आणि काकू गाडीतच गेली. धर्मशाळा उभी होती, पण तिच्यात नाडी पाहणारे कोणी नव्हते. म्हणून ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा पहिला हात मी वर केला.

काही वडीलधाऱ्यांनी विचारले, देवाच्या जागेत दवाखाना कसा? शंका मनापासूनची होती. पण गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळाच उभारल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परगावचे कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक उतरतात. सरकारनेही २०२३ साली आरोग्यवर्धिनी केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव दिले. तेव्हा देवाची हरकत असेल असे वाटत नाही.

काम कसे झाले तेही सांगतो. छत नवे घातले. दगडी भिंतींना सिमेंट न लावता चुन्याचाच गिलावा केला, कारण सिमेंटने जुन्या भिंतीत ओल कोंडते. पायऱ्यांशेजारी उतार केला. नळ आणि संडास झाले. बायांच्या तपासणीसाठी कडी लागेल अशा दाराची स्वतंत्र खोली केली.

एवढ्याने आरोग्य केंद्र होते असे मात्र समजू नका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, ते गुरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या जागेत. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर अशा बायांना शिकवून आरोग्य सेविका केले. १९७९ साली त्या उभयतांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोठेपण इमारतीचे नव्हते, घरोघर जाणाऱ्या त्या बायांचे होते.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. देणगीदारांना विनंती की, पाटीवर नाव लागले म्हणून थांबू नका. दरवर्षी यथाशक्ती काही पाठवा. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. गावकऱ्यांना विनंती की, लग्नसराईत येथे मांडवाचे सामान ठेवू नका, आणि सुनेला दिवस गेल्याचे कळताच नर्सबाईंकडे नाव नोंदवा.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. या ओसरीवर एके काळी गावातल्या सर्वांना पाऊल ठेवता येत नव्हते. हे आपण जाणतो आणि बोलत नाही. आजपासून या दारात आजार विचारला जाईल, जात नाही. हे जमले तरच जीर्णोद्धार पुरा झाला असे मी म्हणेन.

कळसाला एकदाच पैसा लागतो, दिव्याला रोज तेल लागते. ते तेल घालण्याची बुद्धी देवाने आपणा सर्वांस द्यावी, अशी प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवतो.