हिरावलेला ताबा आणि सहा महिन्यांची मुदत



देवस्थानाच्या जमिनीविषयी तंटा उपस्थित झाला की आपल्याकडे प्रथम जुनी सनद शोधली जाते. सनद अवश्य जपावी. परंतु आपल्या संमतीवाचून कोणी ताबा बळकावला असेल, तर पहिला प्रश्न सनदेचा नसून दिनांकाचा असतो.

१९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, ज्यास वकील मंडळी स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट म्हणतात, त्याचे सहावे कलम पाहा. कायद्याचा मार्ग सोडून स्थावर मालमत्तेतून ज्यास बेदखल केले गेले, त्याने सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावला तर ताबा परत मिळतो. प्रतिवादीने मालकीचे कितीही कागद पुढे केले, तरी या दाव्यात ते निरुपयोगी ठरतात. खरा मालकदेखील दांडगाईने शिरला असेल, तर त्याने आधी बाहेर पडावे आणि मग मालकीचा निराळा दावा आणावा! या निकालावर अपील नाही, पुनर्विलोकन नाही. शासनाविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही.

आपल्या जिल्ह्यात देवाच्या धानाच्या बांध्या बहुधा कसणाऱ्याच्या हाती असतात. तो हुसकला गेला तर मंडळाला दावा आणता येईल काय, ही शंका पूर्वी रास्त होती. २०१८ च्या दुरुस्तीने कसणारा ज्याच्यातर्फे जमिनीवर होता, त्यासही हा अधिकार स्पष्टपणे दिला आहे.

दावा देवाच्याच नावाने असावा. मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी सांगितले, की जमिनीचा मालक देव. पुजारी केवळ व्यवस्थापक. व्यवस्थापकच प्रतिपक्षास सामील झाला, तर उपासकासही देवातर्फे उभे राहता येते. कायदा देवास अज्ञान बालकासमान मानतो खरे, परंतु त्यावर विसंबून कोणी स्वस्थ बसू नये. मुदतीच्या बाबतीत बालकाची सवलत देवास मिळत नाही.

सहा महिने उलटले तरी सर्व दारे बंद होत नाहीत. पूर्वीच्या ताब्यावर किंवा मालकीवर बारा वर्षांच्या मुदतीत दावा करता येतो, पण तेथे पुरावा व कालहरण दोन्ही भारी. भूमिस्वामीस महसूल संहितेच्या २५० व्या कलमान्वये तहसीलदाराकडेही अर्ज करता येतो. दागिने, भांडी अशा जंगम वस्तूंसाठी अधिनियमाची सातवे व आठवे ही कलमे आहेत.

पोलिसांत तक्रार अवश्य द्यावी. तिने सहा महिन्यांची मुदत थांबत नाही. म्हणून बेदखलीचे वृत्त कळताच मंडळाच्या इतिवृत्तात तिचा दिनांक नोंदवावा, खसऱ्याची नक्कल काढावी आणि शेजारच्या शेतकऱ्यांची नावे साक्षीसाठी टिपून ठेवावीत.