लाखोळी आणि मज्जापेशींचे रक्षण



कुडव्याच्या परिसरात धान उभे असतानाच, बांधीतील ओल साधून लाखोळी पेरण्याची रीत आहे. अल्प ओलाव्यावर येणारे हे कडधान्य गरिबाचा आधार होय. तथापि दुष्काळात दोन-तीन महिने तेच मुख्य अन्न झाले, तर पाय ताठरतात, गुडघे एकमेकांस घासतात व काठी धरावी लागते. बुद्धी शाबूत राहते. गेलेली चाल मात्र परत येत नाही.

१९६१ मध्ये केंद्र शासनाने लाखोळीच्या विक्रीवर बंदीचा नियम केला. पेरणी चालूच राहिली. १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी तिच्यातील विषारी अमिनो आम्ल वेगळे केले. ते मज्जापेशींना अतिरेकाने चेतवते. त्यायोगे पेशींत प्राणवायूपासून घातक कण वाढतात. त्यांस आवरणारे ग्लुटाथिओन गंधकयुक्त अमिनो आम्लापासून बनते, आणि लाखोळीत नेमकी त्याचीच उणीव असते.

म्हणून दोष एकट्या डाळीचा नसून एकांगी आहाराचा आहे. लाखोळी गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यावे. विष बरेच उतरते. सोबत भात किंवा भाकरी भरपूर असावी. आवळा, पेरू व पालेभाज्या यांतील क जीवनसत्त्वही घातक कणांस आवर घालते. परंतु जडलेल्या पंगुत्वावर ते औषध नव्हे.

हा धडा मुलांच्या मुखाने घरोघरच्या चुलीपर्यंत पोहोचवणे शिक्षकांच्याच हाती आहे.